तुझा उंदीर, माझा उंदीर

कुसुम,

तू झोपेत गेलीस. सकाळी मीनलचा फोन आला. "मावशी, आई चली गयी. मी चहा घेऊन गेले, तर एकदम शांत झोपलेली होती." एवढं बोलून तुझी लेक रडायला लागली. मी तिला धीर देत होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगून टाकते, तुझ्यापासून लपवून आजवर कधी साधलेलं नाही. मनात आलं, बघा, हेसुद्धा हिलाच मिळालं. माझे गुडघे, माझा दमा, माझा खोकला, आणि एवढं मोठं दुखणं अंगावर असून ही बाई झोपेत गेली. रडू नंतर आलं. आलं तेव्हा पुष्कळ आलं, पण दुसऱ्या नंबरावर आलं.

तेराव्याला तुझ्याकडे जो तो तुझे गोडवे गात होता. कधी कुणाला टाकून बोलली नाही, कधी आवाज चढवला नाही, वगैरे. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होते. माझ्याकडे वळून कुणी म्हणालं, "आप तो सबसे पुरानी सहेली हैं, आप कुछ कहिए." मी खोकल्याचं निमित्त केलं. तुझ्याबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही गं. साठ वर्षं मी तुझा हेवा केला, आणि इतक्या नेमानं केला की देवाची पूजा तेवढ्या नेमानं केली असती तर निदान गुडघे तरी धड राहिले असते.

आपण एकाच दिवशी ग्वाल्हेरच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागलो. माझे वडील संस्थानच्या फौजेतले. संस्थान विलीन झालं, फौज गेली, आणि ते हजिरा भागातल्या कापडगिरणीत हजेरीची वही सांभाळू लागले. तुझे वडील दरबारच्या दफ्तरातले. तुमचं घर सराफ्याच्या मागे, घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट. संस्थान गेलं तरी ते कपाट जागेवर होतं. मला पहिला हेवा वाटला तो त्या कपाटाचा. दुसरा तुझ्या पापण्यांचा.

पापण्यांचं सांगायलाच हवं, कारण आपलं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते खरं वाटत नाही. आपल्या प्रयोगशाळेच्या सरांना एकच ध्यास होता, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. साध्या मायक्रोस्कोपमध्ये पेशी दिसते, या यंत्रात पेशीच्या आतलं घर दिसतं, त्यातल्या खोल्या, भिंती, भांडीकुंडी. पण त्यासाठी यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा इतका पातळ कापावा लागतो की केस त्याच्यापुढे ओंडका. लोखंडाची सुरी तिथे चालत नाही. जाड काच पकडीनं मोडायची आणि मोडलेल्या काचेच्या धारेनं कापायचं. ती पकडसुद्धा तू आणलीस, तुमच्या ओळखीच्या सोनाराकडून. काचेच्या सुरीला पाण्याची चिमुकली पन्हळ चिकटवायची. कापलेले छेद त्या पाण्यावर एकामागे एक तरंगत येतात. त्यांना हात लावायचा तर कशानं? सुई लावली की चुरा. म्हणून एका काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायचा आणि त्यानं ते छेद हळूच सरकवत टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर घ्यायचे.

पहिल्या दिवशी सरांनी आपल्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुसुम, तुम्हारी पलक चाहिए." माझ्याकडे त्यांनी परत पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पापण्या आखूड, विरळ, हे मला आरशानं सांगितलेलं होतंच, सरांनी त्यावर शिक्का मारला. पुढे रोज सकाळी पंखा बंद करून, श्वास रोखून मी काम करायची ते तुझी पापणी हातात धरून. ज्या गोष्टीचा हेवा वाटतो तीच हत्यार म्हणून हातात यावी, ही शिक्षा मी कुठल्या जन्मीची भोगत होते कुणास ठाऊक.

पण कापायला मी तुझ्यापेक्षा सरस होते. हे सर म्हणायचे, तूही म्हणायचीस. पाण्यावर तरंगणाऱ्या छेदाचा रंग पाहायचा. सोनेरी दिसला तर जाड, कामाचा नाही. चंदेरी दिसला तर पातळ, तोच हवा. माझे छेद चंदेरी यायचे, तुझे बहुतेक सोनेरी. मी तुला चिडवायची, "सराफ्यात राहतेस ना, तुला सोन्याशिवाय दुसरं दिसणार कसं?" तू हसायचीस. तुला चिडताच येत नव्हतं, आणि त्याचाही मला राग यायचा. भांडायला निघालेल्या माणसाला समोरून "चल, चहा पिऊन येऊ" असं उत्तर मिळालं तर त्यानं जायचं कुठे?

मग पुन्हा सगळी मोडतोड झाली. मध्यभारत जरा अंगवळणी पडत होता, तोच तोही विलीन होऊन मध्यप्रदेश झाला. दफ्तरं उठून दुसऱ्या गावी चालली. कुणाची कपाटं, कुणाच्या खुर्च्या, कुणाच्या नोकऱ्या बैलगाडीवर लादून स्टेशनाकडे निघाल्या. चारही दिशांच्या माणसांची ज्येष्ठतेची एकच यादी झाली. आपल्याला जे यंत्र मिळणार म्हणून सरांनी खोली रंगवून ठेवली होती, ते दुसऱ्या शहरातल्या नव्या प्रयोगशाळेला मिळालं. सर तिकडे जाणार होते. त्यांच्याबरोबर छेद कापणारी एक जागा मंजूर झाली. एकच. आणि आपण दोघी एकाच दिवशी लागलेल्या.

यादीनं निकाल लागेना, तेव्हा सर म्हणाले, "दोनों काटो. मैं दिल्ली ले जाकर देखता हूँ. जिसका अच्छा, वो चलेगी."

तुझा उंदीर आणि माझा उंदीर. दोघांचं यकृत घ्यायचं. आदल्या संध्याकाळी उंदराचं खाणं काढून घ्यायचं असा नियम होता. पोटभर खाल्लेल्या उंदराच्या यकृतात साखरेचा साठा असतो, तो आड येतो आणि बाकीचं नीट दिसत नाही. उपाशी ठेवला की साठा संपतो आणि चित्र स्वच्छ येतं. मी माझ्या पिंजऱ्यातला दाणा न् दाणा वेचून काढला. खालचा भुसासुद्धा झटकला. मला ती जागा हवी होती, कुसुम. किती हवी होती ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. वडिलांचा गणवेश ट्रंकेत गेल्यापासून आमच्या घरात कुणीच कुठे निघालेलं नव्हतं. मला ग्वाल्हेरबाहेर जायचं होतं आणि पेशीच्या आतलं ते घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. दुसऱ्याला दिसावं म्हणून आपण नुसतं कापत राहायचं, याचा मला कंटाळा आला होता.

आपल्या जाळ्या एकाच डबीत ठेवल्या. वरची ओळ माझी, खालची तुझी. डबी मी भरली. डबीचा एक कोपरा खुणेसाठी कापून ठेवतात, म्हणजे कुणी उलटी धरली तर कळतं. मी तो कापला नाही. वर काय आणि खाली काय, हे कोण विसरेल असं मला वाटलं. एवढी काटेकोर मी, आणि नेमकी तिथे आळस केला.

सर दिल्लीहून आले ते एक चित्र घेऊन. टेबलावर ठेवून म्हणाले, "कुसुम, देखो. क्या काटा है!" सगळे त्या चित्रावर वाकले. मी वाकले नाही. मला लांबूनच कळलं की ते चित्र स्वच्छ आहे, म्हणजे छेद चंदेरी होता, म्हणजे माझा होता. सर विसरभोळे, डबी उलटी धरली असणार. मी म्हणाले, "सर, वरची ओळ माझी होती." सर म्हणाले, "वही तो. नीचे वाली से लिया है." वर आणि खाली, पण कुठून पाहिल्यावर? खूण नव्हती. बोलायला जागाच उरली नव्हती, आणि ती जागा मीच ठेवली नव्हती.

तू गेलीस. मी स्टेशनवर पोचवायला आले, कारण न येणं बरं दिसलं नसतं. गाडी हलताना तू खिडकीतून पापणीची ती काडी माझ्या हातात दिलीस. "तुला लागेल. मला तिकडे दुसरी बनवता येईल." हो ना, तुला काय कमी, पापण्यांचं दुकानच होतं तुझ्याकडे. मी काडी घेतली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आईला वाटलं, मैत्रीण गेली म्हणून रडते आहे. तेही थोडं होतं. थोडंच.

तुझं ते चित्र पुढे सरांच्या लेखात छापलं गेलं, तुमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागलं. मी इथेच कॉलेजात राहिले, साध्या मायक्रोस्कोपवर गाठी, व्रण, क्षय यांच्या काचा तयार करत. त्या कामानं माणसं वाचतात हे मला कळायचं. पण तुझं दिवाळीचं पत्र आलं आणि त्यात "आज मूत्रपिंड पाहिलं, विमल, इतकं सुंदर असतं की काय सांगू" असं असलं, की दिवसभर माझ्या हातून काचा फुटायच्या. मी उत्तरात हटकून लिहायची, "तुझं ते प्रसिद्ध चित्र माझं आहे, विसरू नकोस." आणि तुझं हटकून उत्तर यायचं, "माझंच आहे, तू विसरू नकोस." तू लग्न केलंस, मी केलं. तुला मीनल झाली, मला दोन मुलगे. नवरे गेले, आधी माझा, मग तुझा. पत्रं थांबून फोन सुरू झाले. वाद चालूच. मुलं म्हणायची, आई, आता पुरे की. त्यांना काय कळणार? मला पुरे नव्हतं. मला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

आणि ते चित्र मी कधी नीट पाहिलं नाही. तुझ्या शहरात दोनदा लग्नांना आले, तू म्हणालीस, "चल, प्रयोगशाळा दाखवते," मी काहीतरी सबब सांगितली. छापलेलं होतं ते बोटभर, शाई पसरलेलं. माझी वस्तू तुझ्या भिंतीवर पाहायची म्हणजे स्वतःच्या जखमेवर मीठ चोळायला तिकीट काढून जाणं. मी नाही गेले.

गेल्या वर्षी तू मीनलकडे ग्वाल्हेरला राहायला आलीस. माझ्या हरिशंकरपुरमच्या घरापासून रिक्षानं दहा-बारा मिनिटं, पण मी महिनाभर आले नाही. तू आजारी असल्याचं कळलं होतं आणि मला तुला तसं पाहायचं नव्हतं. शेवटी आले. तू उशांना टेकून बसली होतीस. डोक्याला रुमाल. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. औषधांनी तुझ्या पापण्या गेल्या होत्या. एकही नव्हती. साठ वर्षं ज्यांच्याकडे पाहून मी आतून जळले, त्या जागी नुसती लाल कड. तू म्हणालीस, "काय बघून राहिलीस? आता तू जिंकलीस." ती काडी माझ्या शिवणाच्या डब्यात अजून आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलले, "मीनल, चहात साखर कमी आहे गं." ते राहूनच गेलं.

मग तू आपण होऊन विषय काढलास. "विमल, ते चित्र तुझंच असणार. सरांनी डबी उलटी धरली असेल. आता तरी खुश?"

मी खुश झाले. लाज सोडून खुश झाले. तू थकलीस म्हणून पाय चेपत बसले होते, ते आणखी मन लावून चेपू लागले. आणि तू डोळे मिटून, हसत, सहज सांगितलंस, "माहीत आहे का, त्या संध्याकाळी मी माझ्या उंदराला खायला दिलं होतं. माझी एकादशी होती, डब्यात शेंगदाण्याचा लाडू होता. तो जाळीला नाक लावून बघत होता बिचारा. सकाळी तर मरायचंच होतं त्याला. अर्धा लाडू दिला. तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू सरांकडे गेली असतीस."

"गेलेच असते," मी म्हणाले. "एकादशी अन् दुप्पट खाशी, उंदीरसुद्धा तुझ्यावरच गेला."

आपण दोघी हसलो. तुला खोकला येईपर्यंत हसलो. घरी आले आणि सुनेला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, पुण्याच्या भाचीला फोन करून सांगितलं, की बाई शेवटी कबूल झाली. इतक्या वर्षांनी खरं बोलली. भाची म्हणाली, "मावशी, अभिनंदन." मी ते घेतलं.

तेराव्याला सगळे गेल्यावर मीनलनं एक चौकट आणून माझ्या मांडीवर ठेवली. "आईनं सांगून ठेवलं होतं, मावशी, की ये तस्वीर विमल को ही देना. तुम्ही घेऊन जा ना." काचेखाली तेच चित्र, हातभर मोठं. काचेच्या आत, खालच्या पुठ्ठ्यावर, एक चिठ्ठी डकवलेली. तुझ्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं : छेद – विमल.

घरी आणून मी ती चौकट खिडकीशी उजेडात ठेवली आणि चष्म्यावर भिंग धरून पहिल्यांदा नीट पाहिलं. माझं म्हणून पाहिलं. मोठ्या अभिमानानं एकेक कोपरा पाहत गेले. पेशीची भिंत, केंद्रक, लांबट दाणेदार पिशव्या. किती स्वच्छ कापलंय, मी मोठ्यानं म्हणाले. आणि मग मधल्या मोकळ्या जागेत मला खसखस दिसली. काळी, बारीक, झुबक्याझुबक्यानं सांडलेली खसखस. आधी वाटलं, कचरा असेल, रंगवताना शिशाचा गाळ बसायचा तसा. पण गाळ कुठेही पडतो, भिंतीवर, केंद्रकावर. ही खसखस जागच्या जागी होती, जिथे यकृत साखर साठवतं तिथेच.

उपाशी उंदराच्या यकृतात ती नसते. माझ्या उंदराच्या यकृतात नव्हती, असणंच शक्य नाही, मी त्याचा भुसासुद्धा झटकला होता. ही अर्ध्या लाडवाची साखर होती, कुसुम.

मी भिंग पदरानं पुसून पुन्हा धरलं. सुनेनं येऊन विचारलं, "आई, तबियत ठीक आहे ना?" मी तिच्याकडे चष्म्याचं फडकं मागितलं.

तू जन्मभर अशीच चित्रं वाचलीस. खसखस तुला पहिल्या वर्षीच कळली असणार. माझा उंदीर खाल्लेला होता, एवढ्या एका वाक्यानं तू माझं तोंड कायमचं बंद करू शकली असतीस, आणि केलं नाहीस. का नाही केलंस? नियम मोडल्याचं उघड होईल म्हणून? नंतर त्याला कोण विचारत होतं? की वाद मिटला असता तर मी तुला पत्रंच लिहिली नसती, हे तुला माझ्याआधी कळलं होतं? आणि शेवटी चित्र माझ्या नावावर केलंस, ते केलंस, पण लगेच लाडवाची गोष्ट कशाला सांगितलीस? ग्लानीत बोललीस, की म्हातारीला पुढेमागे भिंग धरायची बुद्धी होईल असं वाटलं? मी तुला विचारू शकत नाही. एवढ्या वर्षांत शेवटचा शब्द पहिल्यांदा तुझा झाला, आणि तोही तू हळू आवाजात बोललीस.

दोन दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, ठेवून घ्यावं असं वाटलं. तूच दिलंस, तुझ्या हातानं लिहिलंस, सांगणारं कुणी उरलं नाही. सुनेनं भिंतीला खिळासुद्धा ठोकला होता. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं असतं आणि मी म्हटलं असतं, हो, माझा छेद. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझंच नाव आहे की खाली.

पण भिंतीवर ती खसखस राहिली असती. रोज सकाळी चहा पिताना दिसली असती.

हेवा गेला असं समजू नकोस. उलट आता त्याला पहिल्यांदा खरं कारण मिळालं आहे. आजवर मी चोरीला गेलेल्या वस्तूसाठी जळत होते, त्यात एक मान होता. आता कळलं की त्या दिवशी तू माझ्याहून पातळ कापलंस. सराफ्यातल्या सोनेरी मुलीनं, शेंगदाण्याच्या लाडवाचा हात पुसून, चंदेरी कापलं. तुझी पापणी, तुझं कपाट, तुझं गाव बदलणं, हे सगळं मी तुला माफ केलं असतं गं. हे मला जड जातंय. तू चांगली कापायचीस. हे वाक्य मी तुला कधी म्हटलं नाही, आणि तू मात्र मला पहिल्या दिवसापासून म्हणत आलीस.

आज सकाळी पंखा बंद केला. चौकट उघडली, शिवणाच्या डब्यातून नवं ब्लेड घेतलं आणि चिठ्ठीच्या कडेखाली आडवं सरकवलं. श्वास रोखला, जुन्या सवयीनं. सुटलेली कड तुझ्या पापणीनं उचलली. कागद अख्खा निघाला, कुठेही न फाटता. चिठ्ठी आता त्या काडीशेजारी डब्यात ठेवली आहे, तुझं अक्षर आहे म्हणून. खाली पुठ्ठ्यावर जुन्या शाईत तुझं नाव होतं. शेवटच्या क्षणी हात जरासा हलला आणि त्या नावावरून एक बारीक ओरखडा गेला.

तो ओरखडा मात्र माझा आहे, कुसुम. त्यावर वाद घालू नकोस.

विमल